काबरीचं दुखणं

नवसाबाई सायखेड्याहून नाशिकच्या सातपूरला आल्या तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं आणि उजव्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून एक कोंबडी मान बाहेर काढून आमच्या ओळीतली घरं एकेक करून बघत होती. मागून त्यांचा मुलगा जीवन पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन येत होता. ओळीतल्या बायका दारात आल्या होत्या. एकीनं विचारलं, "कोंबडी कापायला आणली का हो, आजी?"

नवसाबाई थांबल्या. म्हणाल्या, "काबरी हाय ती. पाव्हणी म्हणून आली. माझ्यासारखीच."

मी जीवनच्या शेजारच्या घरात राहायचो. महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि मागच्या अंगणात ती कमरेएवढीच उंच. त्यामुळे पुढं जे काही झालं ते मला घरबसल्या दिसलं, ऐकू आलं. आणि जे दिसलं नाही ते जीवननं नंतर सांगितलं.

हे शहाण्णव साल असावं. श्रावणात हापशावर शेवाळ धरतं, त्यावरून नवसाबाईंचा पाय सरकला आणि मनगट मोडलं. सायखेड्यात त्या एकट्याच राहत होत्या. नवरा जीवन लहान असतानाच गेला होता. त्यानंतर दुसऱ्यांच्या मळ्यात कांदे लावत, ऊस तोडत त्यांनी जीवनला वाढवलं आणि आयटीआयपर्यंत शिकवलं. गोदावरीच्या काठाला वस्तीत त्यांची एक खोली होती, पुढं ओटा, आणि ओट्याखाली कायम पाच-दहा कोंबड्या. मनगट मोडल्यावर जीवननं कोंबड्या शेजारच्या बायडाबाईंच्या स्वाधीन केल्या, खोलीला कुलूप लावलं आणि आईला घेऊन आला. "आता तिथं एकटीनं राहायचं नाही," असं त्यानं सांगितलं.  नवसाबाईंनी फक्त काबरीला पिशवीत घातलं. ही एक कोंबडी त्यांच्या हातून दाणे खाल्ल्याशिवाय राहायची नाही म्हणे.

जीवन एका इंजिनिअरिंग कंपनीत इन्स्पेक्शनला होता. दिवसभर तयार होऊन आलेले लोखंडी जॉब मापायचे आणि खोटा असेल तो बाजूला काढायचा, हे त्याचं काम. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जोडीला नेहमी फिलर गेज असायचं. ते म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. एक पातं केसाएवढं, दुसरं त्याहून जरा जाड, असं करत करत. फटीत घालून फट किती आहे ते बघायचं. हे गेज तो रविवारीही खिशात ठेवायचा. दाराची चौकट वाकडी वाटली तरी पातं घालून बघायचा. त्याची बायको छाया अंगणवाडीत शिकवायची. ती मला एकदा म्हणाली होती, "गुरुजी, यांनी लग्नाच्या वेळी मला मापलं नाही एवढं नशीब."

छाया सासूला आत्या म्हणायची आणि मनापासून करायची. प्लास्टर होतं तोवर तिनं त्यांची वेणी घातली, लुगडं नेसवलं. पण सकाळी छाया अंगणवाडीत जायची, नात तेजल शाळेत, जीवन कंपनीत. मग घरात नवसाबाई आणि अंगणात काबरी. ओळीतली बाकीची दारं टीव्हीच्या आवाजासकट बंद. नवसाबाई मागच्या पायरीवर बसून कोंबडीशी बोलत राहायच्या. "आज कुणी आलं नाय. काल बी कुणी आलं नाय. खा, तू खा."

सुरुवातीला काबरी रात्री डाल्याखाली झोपायची. बांबूचं डालं पालथं घालायचं, त्यावर दगड ठेवायचा, झालं. पण दिवाळीच्या सुमारास एक बोका अंगणात फिरायला लागला. एका पहाटे त्यानं डालं सरकवलं. कोंबडी वाचली, पण शेपटाची पिसं गेली. जीवननं मनावर घेतलं. त्याच्याबरोबर काम करणारा बारकू पूर्वी कोंबड्या पाळायचा; त्याच्याकडं सागवानी फळ्यांचं एक भक्कम खुराडं वर्षभर रिकामं पडून होतं. बारकूनं ते तसंच देऊन टाकलं. जीवननं सायकलवर बांधून आणलं, झाडून धुऊन घेतलं, दाराला नवी कडी बसवली आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"बघ आई," तो म्हणाला, "आता वाघ आला तरी काही होत नाही."

थंडी गेली, ऊन तापायला लागलं आणि काबरी मलूल दिसायला लागली.

आधी तिनं अंडी द्यायचं बंद केलं. मग दाणे टाकले की धावत यायची ती चालत यायला लागली. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून भिंतीच्या सावलीत उभी राहायची. तिचा तुरा पूर्वी जास्वंदीसारखा लाल होता, तो फिका पडत गेला, अगदी उकडलेल्या कोळंबीसारखा झाला.

प्रत्येकानं आपापलं निदान केलं. मीही केलं. भिंतीवरून वाकून मी म्हणालो, "नवसाबाई, खुडूक झाली असेल. अंडी बंद होतातच."

"खुडूक कोंबडीचं तोंड लाल असतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "आन् खुडूक झाली की ती जागा धरून बसती, उठवलं तर चोच मारती. ही तर बसायलाच मागत नाय."

पलीकडच्या घरातल्या गृहस्थांनी मानमोडी सांगितली. नवसाबाईंनी काबरीला मांडीवर घेतलं, मान सरळ करून बघितली, दोन्हीकडं वळवून बघितली. मान नीट होती. हगवणही नव्हती. मानमोडी आली असती तर एव्हाना कोंबडी राहिली नसती, असं त्या म्हणाल्या.

जीवनची शंका वेगळी होती. आमच्या ओळीच्या मागं दोन-तीन लहान वर्कशॉप होती आणि त्यांच्या दारात लेथवरचा पितळेचा चुरा पडलेला असायचा. तो उन्हात चमकायचा. "तो चमकणारा चुरा खाल्ला असणार हिनं," जीवन म्हणाला. पण सकाळी दाणे टाकायच्या आधी नवसाबाईंनी तिच्या गळ्याखालची थैली चाचपली तर ती रिकामी होती, मऊ होती. म्हणजे खाल्लेलं खाली उतरत होतं, अडकलेलं काही नव्हतं. तरीही जीवननं वर्कशॉपच्या बाजूला विटा रचून वाट बंद केली. फरक पडला नाही.

शेवटी जीवन तिला पिशवीत घालून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर तरुण होता. त्यानं कोंबडीची पापणी उलटी करून बघितली, तुरा बोटानं दाबला.

"रक्त कमी झालंय हिचं," तो म्हणाला. "पोटात जंत असतील, नाहीतर बाहेरून काहीतरी रक्त पीत असेल. अंगावर उवा, गोचीड बघितले का?"

"बघितले. काही नाही," जीवन म्हणाला. डॉक्टरनंही पंख उचलून पिसं फुंकून बघितली. काहीच दिसलं नाही. मग त्यानं जंताचं औषध दिलं आणि पाण्यातून द्यायचं टॉनिक दिलं.

औषध पोटात गेलं. चार दिवस कोंबडी बरी वाटली, की आम्हालाच तसं वाटलं कोण जाणे. मग पुन्हा तेच. आता तर चालताना तिचे पाय एकमेकांत अडकायला लागले होते.

त्या सगळ्या दिवसांत नवसाबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "तिला करमत नाय हितं."

जीवन हसायचा. "आई, कोंबडीला कसलं करमणं आणि कसलं न करमणं?"

"का? तिला जीव नाय?" नवसाबाई म्हणायच्या. "तिथं मोकळं रान होतं. नदी होती. चार जणी होत्या बरोबरीच्या. हितं कुणाशी बोलंल ती? भिंतीशी?"

छाया एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि सासूकडं बघत राहिली. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपायला लागली, आणि ती पुन्हा कामाला लागली.

एप्रिल आला. सायखेड्याच्या वस्तीत चौदा एप्रिलची जयंती मोठी असते. रंगरंगोटी, मिरवणूक, विहारात वंदना, रात्री जेवणावळ. नवसाबाई म्हणाल्या, "मी जाते, आन् हिलाबी नेते. मरायची असंल तर तिथं मरू दे." जीवननं दोघींना एसटीत बसवून नेलं. दोन दिवस राहून तो परत आला. नवसाबाई म्हणाल्या, जरा राहते, बायडा हाय सोबतीला. जीवननं मे महिन्याच्या मध्यावर न्यायला येतो असं सांगितलं.

तो न्यायला गेला तेव्हा बायडाबाईंच्या ओट्यासमोर काबरी इतर कोंबड्यांच्या घोळक्यात उकिरडा उकरत होती. जीवननं आधी तिला ओळखलंच नाही. तुरा लाल, पिसं चकचकीत. आणि त्याला बघून ती पळाली ती चांगली फर्लांगभर.

"अंडं बी देती आता," बायडाबाई म्हणाल्या. "जागेचा गुण असतो रं बाबा. माणूस काय आन् पाखरू काय."

नवसाबाई ओट्यावर कांद्याची पात निवडत बसल्या होत्या. जीवनच्या ध्यानात आलं की आईचा चेहराही भरला आहे. पण तो विचार त्यानं पुढं नेला नाही. ऊन फार आहे, गावात पाण्याचे हाल आहेत, पावसाळा आला की पुन्हा ते शेवाळ, आईचं मनगट अजून कच्चं आहे, हे सगळं त्यानं बोलून दाखवलं. नवसाबाईंनी पात निवडून संपवली. म्हणाल्या, "चल मग."

काबरी पुन्हा पिशवीत बसून सातपूरला आली. पाऊस सुरू व्हायच्या आतच तिचा तुरा पुन्हा फिका पडला.

आता मात्र जीवन चक्रावला. आईचं म्हणणं खरं आहे हे त्याला मानवत नव्हतं आणि खोटं आहे हे दाखवता येत नव्हतं. एका रविवारी सकाळी तो चहाचा कप घेऊन भिंतीपाशी आला आणि मला म्हणाला, "गुरुजी, कंपनीत एखाद्या मशीनवर जॉब बिघडायला लागले ना, की आम्ही विचारतो, काय बदललं? माणूस बदलला, माल बदलला, की हत्यार बदललं? सगळं एकदम बदलायचं नाही. एकेक बदलून बघायचं."

"मग इथं काय बदललं?" मी विचारलं.

"तेच बघतो."

त्यानं सायखेड्याहून बाजरी मागवली आणि महिनाभर काबरीला तीच घातली. फरक नाही. नळाचं पाणी बंद करून विहिरीचं दिलं. फरक नाही. मग त्यानं सातपूरच्याच बाजारातून एक काळी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणली. करमत नसेल तर सोबत होईल, असं आईला सांगितलं. तलंग तरणीताठी, आल्याबरोबर अंगणभर दंगा करायला लागली. दोघी एकाच खुराड्यात झोपायच्या. श्रावण लागेपर्यंत तलंगही काबरीशेजारी पिसं फुगवून उभी राहायला लागली.

जीवन पायरीवर बसून दोघींकडं बघत होता. "आई," तो म्हणाला, "ही तर इथलीच आहे. सातपूरची. हिला कशाची आठवण येणार?"

नवसाबाईंनी दोघींपुढं मूठभर दाणे टाकले.

त्याच दिवशी संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला जीवन अंगणात साबणानं हात धूत होता. नवसाबाई कोंबड्या कोंडत होत्या. एकीला धरून आत घातलं तर दुसरी बाहेर. दुसरीला लोटलं तर पहिली पायातून निसटली. काबरी दारावरच पंख पसरून अडून बसली.

"रोज असंच करतात?" जीवननं विचारलं.

"काबरी तर कवापासून करती. हातानं लोटावं लागतं."

"सायखेड्याला?"

"तिथं आपली आपण डाल्याखाली जायची. अंधार पडायच्या आत."

जीवनचे हात साबणानं भरलेले तसेच राहिले. तो खुराड्याकडं बघत राहिला. कोंबडी संध्याकाळी घराकडं येते. घरापासून पळते ती कशासाठी? आणि दाणा बदलला, पाणी बदललं, सोबत बदलली. झोपायची जागा तेवढी बदललेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्यावर त्यानं खुराडं अंगणाच्या मध्यात ओढलं, उन्हात आडवं पाडलं आणि शेजारी मांडी घालून बसला. मी भिंतीवरून बघत होतो. वरवर काही नव्हतं. फळ्या स्वच्छ, कोपरे स्वच्छ. नवसाबाई रोज झाडायच्या. त्यानं बोट सगळीकडं फिरवून बघितलं. मग सवयीनं खिशातून फिलर गेज काढलं, त्यातलं एक पातं उघडलं आणि दोन फळ्यांच्या सांध्यात घातलं. पातं आत गेलं, थोडं अडलं, पुढं सरकलं. त्यानं ते बाहेर ओढलं.

पातं लाल झालं होतं.

"छाया!" त्यानं हाक मारली. "आई, इकडं या. गुरुजी, तुम्हीही या."

मी भिंतीवरून उडी मारून गेलो. त्यानं पान्ह्यानं एक फळी उचकटली. फळीच्या मागं, सांध्याच्या पूर्ण लांबीभर, एकाला एक चिकटून गोचीड बसले होते. राखी रंगाचे, चपटे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे आणि काही रक्त पिऊन टम्म फुगलेले. उजेड पडल्याबरोबर ते सगळे मिळून हळूहळू हलायला लागले. छायानं तोंडावर पदर धरला.

आता सगळा उलगडा झाला. हे गोचीड दिवसा फटीत दडून राहायचे आणि अंधार झाला की बाहेर येऊन कोंबडीला चिकटायचे. पोट भरलं की पहाटेच्या आत पुन्हा फटीत. म्हणून जीवनला आणि डॉक्टरला दिवसा कोंबडीच्या अंगावर काही दिसलं नव्हतं. बारकूकडं खुराडं वर्षभर रिकामं होतं तेव्हा ते उपाशीच दडून राहिले होते. थंडी होती तोवर गप्प होते, ऊन तापल्यावर बाहेर आले. डॉक्टर बोलला होता ते बरोबर होतं. जीवननं बघितलं होतं तेही बरोबर होतं. फक्त बघायची वेळ आणि जागा चुकली होती.

नवसाबाईंनी ती फळी हातात घेतली. बराच वेळ बघितली. "मीच रोज लोटत होते तिला आत," त्या म्हणाल्या. "ती नाय म्हणत होती, आन् मी लोटत होते."

"आई, कुणालाच माहीत नव्हतं."

"व्हय. कुणालाच नव्हतं."

खुराडं आम्ही मागच्या मोकळ्या मैदानात नेऊन जाळलं. सागवान होतं, चांगलं जळलं. फळ्यांच्या सांध्यांतून फटफट आवाज येत होता आणि ते कसले आवाज आहेत हे माहीत असल्यानं कुणी जवळ उभं राहिलं नाही. ज्या भिंतीला खुराडं टेकलेलं असायचं तिच्यावर छायानं उकळतं पाणी ओतलं, मग चुना मारला. जीवननं लोखंडी जाळीचा एक पिंजरा करून आणला. त्याला लाकडाचा तुकडाही नव्हता आणि सांधे सगळे वेल्डिंगनं बंद केलेले. काळी तलंग लवकर सावरली. काबरीला वेळ लागला, पण गणपती बसले त्या सुमाराला तिनं अंडं दिलं आणि साऱ्या ओळीला ओरडून सांगितलं.

जीवन फार खूश होता. खोटा जॉब सापडल्यावर इन्स्पेक्टरला व्हावा तसा आनंद त्याला झाला होता. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "बघ आई, करमण्याचा प्रश्न नव्हताच. आता ती इथं सुखानं राहील."

नवसाबाई म्हणाल्या, "हां. तिचं कळलं. बरं झालं."

छायानं वरण वाढता वाढता जीवनकडं बघितलं. त्यानं वर बघितलं नाही.

हे पुढचं मला छायानं सांगितलं. दोन-तीन दिवसांनी, दुपारी, घरात दोघीच असताना ती सासूच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"करमत नाही म्हणून तुम्ही इतके दिवस सांगत होता, ते काबरीचं नव्हतं ना?"

 लुगड्याच्या पदरानं नवसाबाईंनी पायरीवरचा नसलेला कचरा झटकला. "तुझं काय चुकलं नाय गं," त्या म्हणाल्या. "लेकीनं केलं नसतं एवढं केलंस. म्हणून तर तोंडातून निघंना. मी म्हणलं, मी नाव काढलं की लोक म्हणतील, सुनंनं घालवली. जीवन म्हणंल, आईला माझं घर गोड लागत नाय. कोंबडीचं सांगणं सोपं होतं."

"तिथं एकट्या पडाल."

"हितं दिवसभर एकटीच असते की. तिथं सकाळी ओट्यावर बसलं तरी दहा जण विचारून जातात, नवसाबाई, च्या झाला का. हितं कुणाला माझं नावच ठाऊक नाय. जीवनची आई म्हणतात."

मी हे ऐकलं तेव्हा मनातल्या मनात आठवून बघितलं. ओळीत त्यांना नावानं हाक मारणारा मी एकटाच होतो, आणि मीही दिवसातून एखाद्या वेळेस.

संध्याकाळी छायानं जीवनला सांगितलं. पहिल्यांदा तो चिडला. "इथं काय कमी आहे तिला?" असं तो बोलला तेव्हा भिंतीपलीकडं मला स्पष्ट ऐकू आलं.  मग तो आईजवळ जाऊन बसला असावा, कारण नवसाबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "कमी काय बी नाय, बाळा. तू माझं मनगट बसवलंस, त्याच्या आधी डोळ्याचं आपरेशन केलंस. मी तुझ्यावर रुसून जात नाय. मला माझ्या घरी जायचंय, एवढंच."

"तू आधी का नाही बोललीस?"

"तू इचारलं नाय."

जीवन तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "गुरुजी, कोंबडीसाठी मी सहा महिने डोकं लावलं. दाणा बदलला, पाणी बदललं. आणि आई समोर बसून रोज सांगत होती." एवढंच बोलून तो कामावर गेला. 

एकदा मनाशी ठरल्यावर मात्र त्यानं काम त्याच्या पद्धतीनं केलं. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी वस्तीत चढतं म्हणून त्यानं दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं, आणि आईनं ते ऐकलं. तोवर दर रविवारी तो सायखेड्याला जात होता. खोलीचे पत्रे बदलले. हापशावर जायला लागू नये म्हणून ग्रामपंचायतीकडं खेटे घालून ओट्यापर्यंत नळ घेतला. मोरीत खरबरीत फरशी बसवली आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडी लावली. ती दांडी इतकी मजबूत होती की बायडाबाई म्हणाल्या, "हिला तर म्हैस बांधावी." बायडाबाईंनी रात्री नवसाबाईंच्याच खोलीत झोपायचं कबूल केलं. त्यांची सून फार बोलायची, त्यामुळे त्यांनाही ते सोयीचंच होतं.

निघायच्या दिवशी ओळीतल्या बायका पुन्हा दारात आल्या. नवसाबाईंच्या हातात तीच कापडी पिशवी होती, पण त्यात लुगडी होती. काबरी अंगणात काळ्या तलंगेबरोबर छायाच्या कुंड्या उकरत होती.

"तिला नाही नेत?" मी विचारलं.

"राहू द्या तिला," नवसाबाई म्हणाल्या. "तिला हितं करमतंय. आन् छायाच्या हातून खायला लागली आता."

छाया रडायला लागली. नवसाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग जरा जोरात, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी सून लय गुणाची. मी माझ्या मनानं चालले, कुणी घालवलं नाय. जयभीम."

त्यानंतर त्या दहा-अकरा वर्षं सायखेड्यात राहिल्या. कांद्याच्या दिवसांत खळ्यावर जाऊन बसायच्या, काम झेपत नसलं तरी. विहारातली पोरं त्यांना वंदनेला पुढं बसवायची. बायडाबाईंशी त्यांची कडाक्याची भांडणं व्हायची आणि दोन्ही वेळचा चहा एकत्र व्हायचा. जीवन, छाया, तेजल रविवारी जायचे. दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी. जीवन गेल्यावर आधी दांडी हलवून बघायचा आणि मग आईजवळ बसून विचारायचा, "कसं वाटतंय?" विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायलाही तो शिकला होता.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात नाशिकला सिंहस्थ होता. शाहीस्नानाच्या दिवसांत गर्दीनं रस्ते भरलेले, एसटीच्या गाड्या वळवलेल्या, निघालेला माणूस कधी पोचेल याचा नेम नाही. जीवनला लागोपाठ दोन-तीन रविवार जायला जमलं नाही. मग एका सकाळी आमच्या ओळीच्या तोंडाशी नवसाबाई उभ्या. काठी हातात, पायात स्लिपर, कपाळाला घाम. सायखेड्याहून तीन गाड्या बदलून, वाटेत साधूंच्या गर्दीतून वाट काढत एकट्या आल्या होत्या. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या असतील.

जीवन धावत बाहेर आला. "आई, अगं, या गर्दीत? काही झालं का? बरं नाही का?"

"काय झालं नाय," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "तुम्ही आला नाय, म्हणून मी आले बघायला. पाणी दे."

त्या दिवशी दुपारी छायानं पुरणपोळी केली. नवसाबाईंनी दोन खाल्ल्या, तेजलच्या कॉलेजची चौकशी केली, संध्याकाळी भिंतीवरून माझ्याशी गप्पा मारल्या. रात्री गाढ झोपल्या. सकाळी उठून चहा घेतला आणि पिशवी उचलली.

"राहा की दोन दिवस," छाया म्हणाली.

"नको गं. बायडा एकटी हाय," असं म्हणत त्या निघाल्यासुद्धा. जीवननं कंपनीत अर्धी रजा टाकली आणि त्यांना बसवून द्यायला स्टँडपर्यंत बरोबर गेला.